चोवीस, बावीस, वीस : टेनिसच्या श्रेष्ठत्वाविषयी वाचकांचे प्रश्न

मराठवाड्यात टेनिसचा चेंडू मुख्यतः गल्लीतल्या क्रिकेटसाठी खपतो. असे असताना ‘टेनिसमधील सर्वश्रेष्ठ कोण’ या विषयावर या सदराकडे इतकी पत्रे येतील आणि तीही इतक्या तावातावाने लिहिलेली असतील, अशी अपेक्षा नव्हती. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या घरात मी फेडररचा चाहता आहे आणि माझा भाचा जोकोविचचा. वादाला तोंड फुटले की तो ‘२४, २२, २०’ एवढे तीन आकडे सांगतो आणि विषय संपल्यासारखा उठून जातो. ग्रँड स्लॅम विजेतेपदांच्या बेरजेवर श्रेष्ठत्व ठरवणे योग्य आहे का? कृपया दोन्ही डगरींवर हात न ठेवता उत्तर द्यावे.
— निवृत्त बँक कर्मचारी, लातूर

उत्तर : आपण स्पष्ट उत्तर मागितले आहे, म्हणून आधी निकाल सांगतो आणि मग कारणे. जोकोविच (२४), नदाल (२२) आणि फेडरर (२०) या तिघांपुरते बोलायचे तर आपला भाचा बरोबर आहे आणि जोकोविच पहिला आहे. मात्र हेच आकडे हातात घेऊन तो लेव्हर, बोर्ग किंवा सॅम्प्रस या आधीच्या पिढ्यांतील खेळाडूंकडे निघाला, तर त्याला उंबऱ्यावरच अडवावे.

ग्रँड स्लॅमची, म्हणजे ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार मोठ्या स्पर्धांतील विजेतेपदांची बेरीज हे मोजमाप वाटते तितके जुने नाही. ऑस्ट्रेलियाच्या रॉय एमर्सनने १९६७ मध्ये एकेरीचे बारावे ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळवले आणि पुरुषांमधला तो विक्रम २००० मध्ये सॅम्प्रसने विम्बल्डनवर तेरावे विजेतेपद जिंकेपर्यंत टिकला. एवढ्या प्रदीर्घ काळात एमर्सनला सर्वश्रेष्ठ म्हणणारा जाणकार शोधूनच काढावा लागला असता, कारण त्याची सगळी विजेतेपदे व्यावसायिक खेळाडूंना या स्पर्धांची दारे बंद असतानाच्या काळातली होती. बोर्गचे पाहा. त्याने फ्रेंच ओपन सहा वेळा आणि विम्बल्डन सलग पाच वेळा जिंकले, पण ऑस्ट्रेलियन ओपन तो आयुष्यात एकदाच, १९७४ मध्ये, खेळला. लांबचा प्रवास आणि वर्षअखेरीचे दिवस यांमुळे युरोप-अमेरिकेतले अनेक मोठे खेळाडू त्या काळी तिकडे फिरकत नसत आणि त्याबद्दल त्यांना कोणी जाबही विचारत नसे. मोजणीला खरे महत्त्व आले ते सॅम्प्रस एमर्सनच्या जवळ पोहोचू लागल्यावर.

फेडरर, नदाल आणि जोकोविच हे तिघे मात्र याच मोजणीच्या काळात वाढले. चारही स्पर्धांचे वजन तोपर्यंत सारखे झाले होते, सगळे मोठे खेळाडू चारही ठिकाणी हजर असत आणि मुख्य म्हणजे हे तिघे एकमेकांसमोर अक्षरशः वर्षानुवर्षे उभे राहिले. जोकोविच आणि नदाल यांच्यात ६०, जोकोविच आणि फेडरर यांच्यात ५०, तर नदाल आणि फेडरर यांच्यात ४० सामने झाले. दीडशे सामन्यांच्या या व्यवहारात ज्याच्या हाती २४ विजेतेपदे उरली, त्याच्या बेरजेला अर्थ आहे. बाकीचे आकडेही तिकडेच बोट दाखवतात. क्रमवारीत पहिल्या स्थानावर जोकोविच ४२८ आठवडे राहिला, फेडरर ३१० आणि नदाल २०९. ग्रँड स्लॅमच्या खालोखाल मानल्या जाणाऱ्या मास्टर्स १००० स्पर्धांपैकी जोकोविचने ४०, नदालने ३६ आणि फेडररने २८ जिंकल्या. अशा स्पर्धा वर्षाला नऊ असतात आणि त्या नऊपैकी प्रत्येक स्पर्धा जोकोविचने किमान दोनदा जिंकलेली आहे. आजवर हे दुसऱ्या कोणाला साधलेले नाही.

आपल्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे, तेही लिहितो. फेडरर सलग २३७ आठवडे पहिल्या स्थानावर होता आणि २००४ ते २०१० या काळात त्याने सलग २३ ग्रँड स्लॅम स्पर्धांची उपांत्य फेरी गाठली. इतकी वर्षे एकाही स्पर्धेला न मुकता, एखाद्या वाईट दिवशी एखाद्या अनोळखी पोराकडून न हरता शेवटच्या चौघांत पोहोचणे म्हणजे काय, हे भाच्याला एकदा शांतपणे समजावून सांगावे. त्यावर तो २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्याचे नाव काढेल. त्या सामन्यात फेडररने २१८ गुण जिंकले आणि जोकोविचने २०४, तरीही फेडरर हरला. पाचव्या सेटमध्ये ८-७ अशी आघाडी, सर्व्हिस हातात, ४०-१५, म्हणजे विजेतेपदाचे दोन गुण (यांपैकी एक जिंकला की सामना संपला). पहिल्या गुणावर त्याचा फोरहँड रेषेबाहेर गेला. दुसऱ्यावर तो जाळ्याकडे धावला आणि जोकोविचने त्याच्या बाजूने तिरका फटका काढून दिला. पुढे जोकोविचने सामना १३-१२ असा संपवला. सामन्यातले तिन्ही टायब्रेकर (गेम बरोबरीत आल्यावर सेटचा निकाल लावणारे जादा गेम) त्यानेच जिंकले होते.

‘त्या दोनपैकी एक गुण मिळाला असता तर?’ हा प्रश्न फेडररचे चाहते आजही विचारतात. मिळाला असता तर आकडे २३, २२ आणि २१ असे झाले असते. जोकोविच तेव्हाही पुढेच राहिला असता.

प्रश्न : मी तालमीत मुलांना कुस्ती शिकवतो. आमच्याकडे मातीवरचा मल्ल वेगळा आणि गादीवरचा वेगळा. महाराष्ट्र केसरीतसुद्धा माती विभाग आणि गादी विभाग असे दोन भाग असतात. नदालच्या २२ पैकी १४ ग्रँड स्लॅम एकाच मातीवरच्या आहेत. त्याला मातीचा राजा जरूर म्हणावे, पण सर्वश्रेष्ठाच्या वादात त्याला का आणावे?
— वस्ताद, उदगीर

उत्तर : वस्ताद, आपली तुलना इतकी नेमकी आहे की ती थोडी पुढे नेण्याचा मोह होतो. हळद, ताक आणि तेल घालून मळलेल्या आखाड्याच्या मातीची पॅरिसच्या मातीशी खरे तर काही सोयरीक नाही. फ्रेंच ओपनचे कोर्ट म्हणजे चुनखडीच्या चुऱ्याच्या थरावर पसरलेली विटांची एक-दोन मिलिमीटर भुकटी. पण एवढ्याशा भुकटीने खेळ पालटतो. चेंडू जमिनीला टेकताच त्याचा वेग कमी होतो आणि तो जास्त उसळतो. जोरदार सर्व्हिसची धार बोथट होते, चेंडूला फिरकी देणाऱ्याचा फायदा होतो, आणि जो गुण गवतावर तीन-चार फटक्यांत संपला असता तो मातीवर पंधरा-वीस फटके चालतो. पायांत आणि छातीत दम नसेल तर तिथे निभाव लागत नाही.

फरक असा की माती सोडून गादीवर गेलेल्या मल्लासमोर नियमही बदलतात. मातीवर चितपट करायचे आणि गादीवर घड्याळ बघत गुण मिळवायचे. टेनिसमध्ये कोर्ट बदलले तरी नियम तेच राहतात, बदलते ती चेंडूची उसळी. त्यामुळे एका पृष्ठभागावरचा खेळाडू दुसरीकडे कितपत टिकतो, याची परीक्षा टेनिसमध्ये जास्त सरळ होते. ती नदालने दिलेली आहे. त्याची १४ फ्रेंच विजेतेपदे बाजूला काढली तरी आठ उरतात : अमेरिकन ओपन चार, विम्बल्डन दोन आणि ऑस्ट्रेलियन ओपन दोन. आगासी, कॉनर्स आणि लेंडल या तिघांची संपूर्ण कारकिर्दीतली ग्रँड स्लॅम विजेतेपदे प्रत्येकी आठच आहेत. ज्याची उरलीसुरली शिल्लक आगासीच्या सगळ्या कमाईइतकी भरते, त्याला केवळ मातीचा खेळाडू म्हणणे अन्यायाचे होईल. विम्बल्डनच्या गवतावर २००६ ते २०११ या काळात तो जेव्हा जेव्हा उतरला तेव्हा तेव्हा त्याने अंतिम फेरी गाठली. फक्त २००९ मध्ये दुखापतीमुळे तो खेळला नाही.

शिवाय वजाबाकी करायची तर ती तिघांचीही करावी. फेडररची विम्बल्डनची आठ काढली तर १२ उरतात आणि जोकोविचची ऑस्ट्रेलियातली दहा काढली तर १४. म्हणजे या हिशेबातही जोकोविच पहिला येतो आणि नदाल तिसऱ्या क्रमांकावर जातो. आपला मुद्दा तेवढ्यापुरता मान्य करतो. पण फ्रेंच ओपनमध्ये ११२ विजय आणि अवघे चार पराभव, हा एखाद्या ठिकाणावरचा असा हक्क आहे की दुसऱ्या कोणत्याही खेळात त्याच्या तोडीचे उदाहरण मला चटकन सुचत नाही. ते चार पराभव त्याला सॉडरलिंग, जोकोविच (दोनदा) आणि झ्वेरेव यांनी दिले. आपल्याच भागातील हरिश्चंद्र बिराजदार यांनी मातीवर रुस्तुम-ए-हिंद किताब मिळवला आणि १९७० च्या एडिनबरा राष्ट्रकुल स्पर्धेत गादीवर सुवर्णपदकही जिंकले, हे आपणास सांगायला नकोच. मातीतला माणूस मातीतच अडकतो असे नाही.

प्रश्न : २००८ चा विम्बल्डन अंतिम सामना पावसाने लांबला आणि इकडे भारनियमनामुळे आमची वीज गेली, त्यामुळे पाचवा सेट मला पाहता आला नाही. तो सामना नदालने फेडररला हरवून जिंकला. दोघांच्या एकूण सामन्यांतही नदाल २४-१६ असा पुढे आहे. ज्याला आपण हरवू शकत नाही, त्याच्यापेक्षा आपण श्रेष्ठ कसे?
— निवृत्त प्राध्यापक, परभणी

उत्तर : आधी राहिलेला सेट. चौथ्या सेटच्या टायब्रेकरमध्ये नदालला विजेतेपदाचे दोन गुण मिळाले होते आणि दुसरा गुण फेडररने रेषेला समांतर मारलेल्या बॅकहँडने वाचवला. हा फटका आपण पाहिला असेल अशी आशा आहे. पाचव्या सेटमध्ये २-२ असताना पुन्हा पाऊस आला. त्या काळी विम्बल्डनच्या निर्णायक सेटमध्ये टायब्रेकर नसल्याने अंधार पडत चालला तरी खेळ सुरूच राहिला. ७-७ असताना नदालने फेडररची सर्व्हिस भेदली, पुढचा गेम स्वतःच्या सर्व्हिसवर जिंकला आणि फेडररचा शेवटचा फोरहँड जाळ्यात गेला. लंडनमध्ये तेव्हा रात्रीचे सव्वानऊ वाजून गेले होते, म्हणजे आपल्याकडे पावणेदोन. सामना ४ तास ४८ मिनिटे चालला.

आता २४-१६ या आकड्याकडे वळू. त्याची फोड केली की त्यातला पेच दिसतो. मातीवर नदाल १४-२ ने पुढे, गवतावर फेडरर ३-१ ने पुढे आणि हार्ड कोर्टवर (कठीण पृष्ठभागावर) फेडरर ११-९ ने पुढे. फेडरर मातीवर इतका चांगला होता की तो जवळजवळ दरवर्षी पॅरिसच्या शेवटच्या टप्प्यात पोहोचायचा आणि तिथे नदालच्या हाती सापडायचा. याच्या उलट, फेडररने २००४ ते २००८ अशी सलग पाच वर्षे अमेरिकन ओपन जिंकली, तेव्हा नदाल त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. नदालने तिथली अंतिम फेरी पहिल्यांदा गाठली ती २०१० मध्ये. हे दोघे अमेरिकन ओपनमध्ये उभ्या कारकिर्दीत एकदाही समोरासमोर आले नाहीत. परस्परांतील सामन्यांचा आकडा म्हणूनच थोडा लबाड असतो. जो फेडरर पॅरिसपर्यंत पोहोचला त्याच्या नावावर पराभव लागले आणि जो नदाल न्यूयॉर्कमध्ये आधीच बाद झाला त्याच्या नावावर काहीच लागले नाही.

तरीही तांत्रिक कोडे खरेच होते. नदाल डावखुरा, त्याचा फोरहँड प्रचंड फिरकी घेऊन फेडररच्या बॅकहँडकडे यायचा आणि टप्पा पडून खांद्याच्याही वर उसळायचा. एका हाताने बॅकहँड मारणाऱ्याला त्या उंचीवर जोर काढता येत नाही. चेंडू कसाबसा परत जातो आणि पुढचा फटका नदालच्या मर्जीने होतो. वर्षानुवर्षे हेच चालले. फेडररने २०१४ मध्ये ९० चौरस इंचांची रॅकेट सोडून ९७ ची घेतली आणि बॅकहँड लवकर, चेंडू वर चढण्याआधीच घ्यायला सुरुवात केली. २०१५ च्या अखेरपासून दोघांमध्ये सात सामने झाले आणि त्यांपैकी सहा फेडररने जिंकले. त्यातच २०१७ चा ऑस्ट्रेलियन ओपनचा अंतिम सामना आहे, ज्यात पाचव्या सेटमध्ये १-३ असा मागे पडूनही तो ६-३ असा जिंकला. ‘हरवू शकत नाही’ हे शब्द त्यामुळे थोडे सौम्य करावे लागतील.

आणि निव्वळ परस्परांतील सामन्यांवरच निकाल द्यायचा ठरवला, तर रशियाच्या निकोलाय दाविदेन्कोचे काय करायचे? त्याने नदालला ११ पैकी सहा सामन्यांत हरवले. दाविदेन्को एकाही ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या अंतिम फेरीत कधी पोहोचला नाही.

प्रश्न : फेडररने सुरुवातीची विजेतेपदे दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध मिळवली, असे म्हणतात. हे कितपत खरे?
— शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : थोडेसे खरे, आणि तेवढेच ते जोकोविचलाही लागू. २००७ संपेपर्यंत फेडररकडे १२ ग्रँड स्लॅम होत्या. तोपर्यंत जोकोविचने एकही जिंकली नव्हती आणि नदालची तिन्ही विजेतेपदे पॅरिसमधली होती. समोर रॉडिक, हेविट, साफिन आणि उतरणीला लागलेला आगासी असे खेळाडू होते. आता दुसरे टोक पाहा. जोकोविचची शेवटची १२ विजेतेपदे २०१८ च्या विम्बल्डनपासून पुढची, म्हणजे वयाची ३१ वर्षे पूर्ण झाल्यानंतरची आहेत. तेव्हा फेडरर सदतिशीच्या उंबरठ्यावर होता, नदालचे शरीर कुरकुरत होते आणि मधली पिढी काही केल्या दार फोडू शकत नव्हती. एकाला सुरुवातीची मोकळी वर्षे मिळाली, दुसऱ्याला शेवटची. फेडररच्या बारांवर बोट ठेवणाऱ्याने जोकोविचच्या बारांकडे काणाडोळा करू नये.

मला यातली मधली वर्षे अधिक बोलकी वाटतात. २०१० च्या अखेरीस फेडरर जोकोविचविरुद्ध १३-६ असा पुढे होता. त्यानंतरच्या ३१ सामन्यांपैकी जोकोविचने २१ जिंकले. वयातला पावणेसहा वर्षांचा फरक यात बोलतो, हे मान्य. पण २०११ साली फेडरर काही म्हातारा नव्हता, त्याने पुढच्याच वर्षी विम्बल्डन जिंकले.

प्रश्न : हा वाद नेहमी तीन पुरुषांभोवतीच का फिरतो? महिलांमध्ये मार्गारेट कोर्ट २४, सेरेना विल्यम्स २३ आणि स्टेफी ग्राफ २२, अशी आकड्यांची रांग अगदी तशीच आहे. मग तिथे कोर्ट सर्वश्रेष्ठ का मानली जात नाही?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : आलेल्या सर्व पत्रांत तुमचे पत्र मला सर्वांत आवडले, कारण आकडे तसेच असूनही येथे तो हिशेब मोडून पडतो आणि का मोडतो हे नेमके दाखवता येते. या तिघी एकमेकींसमोर फारशा उभ्याच राहिल्या नाहीत. ग्राफ आणि सेरेना १९९९ मध्ये दोनदा भेटल्या, दोघींनी एकेक सामना जिंकला आणि त्याच वर्षी ग्राफ निवृत्त झाली. कोर्ट तर या दोघींच्या कितीतरी आधीची.

कोर्टच्या २४ पैकी ११ विजेतेपदे तिच्या मायदेशातली, ऑस्ट्रेलियातली आहेत. १३ विजेतेपदे १९६८ मध्ये स्पर्धा सर्वांसाठी खुल्या होण्यापूर्वीची आहेत आणि परदेशातल्या अनेक चांगल्या खेळाडू तेव्हा ऑस्ट्रेलियात जातच नसत. तरीही १९७० मध्ये तिने एकाच वर्षात चारही स्पर्धा जिंकल्या, तेव्हा तिला केवळ घरच्या मैदानावरची म्हणून मोडीत काढता येणार नाही.

ग्राफने १९८८ मध्ये चारही ग्रँड स्लॅम आणि सोल ऑलिंपिकचे सुवर्णपदक अशी पाच शिखरे एका वर्षात सर केली. पुरुष असो वा महिला, व्हीलचेअर टेनिस वगळता हे दुसऱ्या कोणालाही जमलेले नाही. चारही स्पर्धा प्रत्येकी किमान चार वेळा जिंकणारीही तीच एकटी. पण तिच्या कारकिर्दीवर एक सावली आहे, जिच्यात तिचा स्वतःचा काडीचाही दोष नाही. ३० एप्रिल १९९३ रोजी हॅम्बुर्गमध्ये सामना सुरू असताना ग्राफच्या एका माथेफिरू चाहत्याने मोनिका सेलेसच्या पाठीत सुरा खुपसला. सेलेस तेव्हा १९ वर्षांची होती, तिच्याकडे आठ ग्रँड स्लॅम होत्या आणि आधीच्या दोन वर्षांत तिच्यापुढे कोणाचे फारसे चालत नव्हते. ती सव्वादोन वर्षांनी परतली आणि त्यानंतर तिला एकच ग्रँड स्लॅम जिंकता आली. ग्राफच्या २२ पैकी ११ या हल्ल्यानंतरच्या आहेत. हल्ला झाला नसता तर काय झाले असते, हे कोणत्याही बेरजेतून निघणार नाही.

सेरेनाने पहिले विजेतेपद १९९९ मध्ये हिंगिसला हरवून मिळवले आणि तेविसावे २०१७ मध्ये, तेही पोटात बाळ असताना. त्यानंतर आई होऊन परतल्यावर तिने आणखी चार अंतिम फेऱ्या गाठल्या. चारही ती हरली, म्हणून २४ हा आकडा तिच्या हाती लागला नाही. एकेरीपुरते मला विचाराल तर मी सेरेनाचे नाव घेईन, कारण एकामागून एक आलेल्या इतक्या पिढ्यांना हरवत ती जितकी वर्षे वर राहिली तितकी दुसरी कोणी राहिली नाही. पण हे मत आहे. जोकोविचबद्दल वर जे लिहिले तितक्या खात्रीने ते लिहिता येत नाही. तशी खात्री महिलांमध्ये एकाच जोडीबद्दल देता येते, ती म्हणजे नवरातिलोवा आणि एव्हर्ट. ८० सामन्यांत नवरातिलोवा ४३-३७ अशी पुढे, आणि एकेरीच्या ग्रँड स्लॅम दोघींच्याही बरोबर १८. तिथे मात्र दुहेरी जमेस धरावीच लागते. एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून नवरातिलोवाकडे ५९ ग्रँड स्लॅम विजेतेपदे आहेत.

प्रश्न : रॉड लेव्हरने दोनदा एका वर्षात चारही ग्रँड स्लॅम जिंकल्या. जोकोविचला ते एकदाही जमले नाही. मग लेव्हर मोठा नव्हे का?
— वकील, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : लेव्हर त्याच्या काळात सर्वांत मोठा होता, हे निर्विवाद. १९६२ मध्ये त्याने चारही जिंकल्या, व्यावसायिक झाला, आणि नियमाप्रमाणे १९६३ ते १९६७ अशी पाच वर्षे या स्पर्धांतून बाहेर राहिला. १९६८ मध्ये दारे खुली झाली आणि १९६९ मध्ये त्याने पुन्हा चारही जिंकल्या. त्याच्या नावावर ११ विजेतेपदे दिसतात, ती या खंडामुळे.

पण उलटतपासणी आपल्या व्यवसायातच बसते, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. १९६२ मध्ये रोझवॉल, होड, गोन्झालेस हे सर्वोत्तम खेळाडू व्यावसायिक असल्याने स्पर्धेबाहेर होते. पुढच्या वर्षी लेव्हर त्यांच्यात जाऊन मिसळला तेव्हा सुरुवातीच्या महिन्यांत होड आणि रोझवॉल यांनी त्याला वारंवार हरवले. म्हणजे १९६२ च्या चार विजेतेपदांचे मोल थोडे कमी आणि सर्वांविरुद्ध मिळवलेल्या १९६९ च्या चारांचे मोल पूर्ण. चारपैकी तीन स्पर्धा तेव्हा गवतावर होत, हेही ध्यानात घ्यावे. जोकोविचला २०२१ मध्ये चौथ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मेदवेदेवने सरळ सेटमध्ये अडवले. पण त्याआधी २०१५ च्या विम्बल्डनपासून २०१६ च्या फ्रेंच ओपनपर्यंत चारही विजेतेपदे एकाच वेळी त्याच्याकडे होती, तीही तीन वेगवेगळ्या पृष्ठभागांवरची. या दोघांना एका तराजूत घालणारे न्यायालय अस्तित्वात नाही. जाता जाता एवढेच की १९६१ च्या विम्बल्डन उपांत्य फेरीत लेव्हरसमोर आपले रामनाथन कृष्णन उभे होते. कृष्णन सलग दुसऱ्या वर्षी उपांत्य फेरीत पोहोचले होते आणि एकेरीत त्यापुढे आजवर एकही भारतीय गेलेला नाही.

प्रश्न : रागाच्या भरात मारलेला चेंडू पंचाला लागतो, लशीच्या वादातून देशाबाहेर काढले जाते, अशा खेळाडूला सर्वश्रेष्ठ म्हणावे का?
— गृहिणी, बीड

उत्तर : आपण उल्लेखिलेल्या दोन्ही घटना खऱ्या आहेत : २०२० च्या अमेरिकन ओपनमधून जोकोविचला अपात्र ठरवले गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्याला परत पाठवले. दोन्हींची शिक्षा त्याने स्पर्धा गमावून भोगली. घरातल्या मुलासमोर आदर्श कोणाचा ठेवावा, हा प्रश्न असेल तर फेडरर किंवा नदाल यांचे नाव घ्यावे. नदालने चिडून रॅकेट आपटल्याचे दृश्य कोणाला दाखवता येणार नाही. डोळ्यांना सुख हवे असेल तर मीही फेडररचेच जुने सामने लावतो. सर्वांत जास्त, सर्वांत जास्त काळ आणि सर्व तऱ्हेच्या कोर्टवर कोण जिंकला, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याच्या उत्तरात स्वभावाला गुण नाहीत.

प्रश्न : अल्काराझ आणि सिनर हे नवे खेळाडू फेडरर, नदाल आणि जोकोविच या तिघांना मागे टाकतील का?
— विद्यार्थी, हिंगोली

उत्तर : २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांतली आठही ग्रँड स्लॅम विजेतेपदे या दोघांनी वाटून घेतली. २०२५ च्या अखेरीस अल्काराझकडे सहा आणि सिनरकडे चार होती. या दोघांत मोठा कोण, हा प्रश्न आजच रंगतदार आहे; २०२५ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात दोन सेट मागे पडलेल्या अल्काराझने चौथ्या सेटमध्ये सिनरचे विजेतेपदाचे तीन गुण वाचवले आणि ५ तास २९ मिनिटांनी सामना जिंकला. चोवीसच्या आकड्याशी त्यांची तुलना करणे मात्र घाईचे आहे. जोकोविचशी समोरासमोरचा थोडा हिशेब हाती आहे, तेवढा पाहावा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ३७ वर्षांच्या जोकोविचने अल्काराझला ७-६, ७-६ असे हरवले आणि २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीतही त्यालाच बाद केले. सिनरने २०२५ मध्ये फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन या दोन्ही ठिकाणी उपांत्य फेरीत जोकोविचला सरळ सेटमध्ये हरवले. तेव्हा जोकोविचने वयाची ३८ वर्षे पूर्ण केली होती, हे त्या निकालाशेजारी लिहून ठेवावे.